मोरीकडची जास्वंद

आमच्याकडे जास्वंद लावणं बागकामात धरत नाहीत. गुलाब लावणारा हौशी, बोन्साय करणारा चिकाटीचा, ऑर्किड आणणारा पैसेवाला. आणि जास्वंद लावणारा म्हणजे नुसता गणपतीवाला. साताऱ्याच्या पेठांतून हिंडा, वाईच्या घाटांकडे उतरणाऱ्या बोळांतून हिंडा, सांगलीच्या गावभागात नाहीतर मिरजेच्या ब्राह्मणपुरीत जा. जुन्या घराच्या मागच्या अंगाला एक तांबडी जास्वंद असतेच. ती कोणी लावली ते कोणाला आठवत नाही. तिला कधी कोणी खत घातल्याचं ऐकिवात नसतं. घरातल्या जाणत्या बाईला विचारावं तर उत्तर ठरलेलं, "तिला काय करायचंय? ती आपली येते."

या भरवशावर माणसं जास्वंद आणतात. मीही आणली. सांगलीत, विश्रामबागेतल्या फ्लॅटच्या पश्चिमेकडच्या गॅलरीत, ऐन पाडव्यानंतर. पाडव्यानंतरच का, तर नर्सरीतली झाडं तेव्हाच सर्वांत देखणी दिसतात आणि माणसालाही तेव्हाच पालवी फुटते. नर्सरीवाल्यानं काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतलं रोप हातात ठेवलं आणि दुजोरा दिला, "काय करायला लागत नाही साहेब. पाणी तेवढं घालायचं." पाणी किती, कधी, कुठलं आणि घरातल्या कोणी, याचा खुलासा त्यानं केला नाही. ते प्रश्न मे महिन्यात एकेक करून वर आले.

चैत्र बरा गेला. वैशाख लागला आणि दुपारी बाराच्या सुमाराला जास्वंदीनं माना टाकल्या. झाडानं मान टाकली की नवशिक्याच्या हातात आपोआप तांब्या येतो. शेजारच्या काकूंनी त्यांच्या गॅलरीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, पाणी घाला की तिला! बघवत नाही." समोरच्या इमारतीतल्या, एरवी कधी ओळख न दाखवणाऱ्या गृहस्थांनीही हातानं 'ओता, ओता' अशी खूण केली. एक झाड सुकलं की अख्ख्या कॉलनीत भूतदया जागी होते, हा एक फायदाच म्हणायचा. पाणी घातलं. पानं उठेनात. आणखी घातलं. शेवटी साताऱ्याला वहिनींना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भावजी, तुम्ही दुपारी जेवून आडवे होता तेव्हा कोणी येऊन तोंडावर पाणी मारतं का?"

वहिनींनी वनस्पतिशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही, पण उत्तर पुस्तकातलंच होतं. पानांना सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्यांतून झाड वाफ सोडतं आणि त्यानं पान गार राहतं. भर दुपारी मुळं जेवढं पाणी वर पाठवतात त्याहून जास्त पानांतून उडून जातं. मग झाड ही रंध्रं मिटून घेतं, पानं लोंबती सोडतं. लोंबत्या पानावर ऊन तिरपं पडतं आणि कमी भाजतं. हा आजार नव्हे, हा त्याचा बेत आहे. सहा-सातच्या सुमाराला पानं आपली आपण सावरतात. परीक्षा घ्यायची ती पहाटे, ऊन यायच्या आधी. तेव्हाही पान लोंबत असेल तर झाड खरोखर तहानलेलं. आणि खात्री हवी असेल तर कुंडीत बोटाची दोन पेरं खुपसायची. माती बोटाला चिकटली तर तांब्या खाली ठेवायचा. दुपारची मान बघून जो पाणी ओतत राहतो, त्याच्या झाडाची मुळं सदा ओल्या मातीत कुजतात, कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं आणखी लोंबतात, म्हणून तो आणखी ओततो. उन्हाळ्यात मेलेल्या कुंडीतल्या जास्वंदींची कोणी नीट चौकशी केली, तर त्यातल्या पुष्कळ बुडून मेल्या असं निघेल. सांगलीला बुडणं नवं नाही. कृष्णा वाढली की सारं गाव आयर्विन पुलाकडे बघून पाणी फुटांत मोजतं. १९२९ साली खुला झालेल्या या पुलानं २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांचं पाणी पाहिलं. पण तो महापूर निदान ऑगस्टमध्ये येतो. मे महिन्यात कुंडीत महापूर आणायचं काम फक्त प्रेमळ माणूस करू शकतो.

उन्हाळा सातारा-सांगली दोन्ही गावांत कडकच, पण गावांची बोलण्याची तऱ्हा वेगळी. साताऱ्याच्या माणसाला उन्हाळ्याबद्दल विचारलं तर तो संध्याकाळबद्दल बोलतो. दुपारी काय होतं ते सांगत नाही. यवतेश्वराच्या बाजूनं वारा कसा सुटतो, पहाटे पांघरूण कसं ओढावं लागतं, ते सांगतो. गाव समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्याचा हा अभिमान. सांगली त्याहून दीड-दोनशे मीटर खाली. पण सांगलीचा माणूसही उन्हाची फारशी तक्रार करत नाही, कारण त्याचा पैसा उन्हात वाळत पडलेला असतो. शिजवलेली हळद वाळते ती याच उन्हात, आणि तासगावकडे शेडमधल्या जाळ्यांवर पसरलेल्या द्राक्षांचा दोनेक आठवड्यांत बेदाणा होतो तो याच कोरड्या हवेत. बाजारपेठेला जी हवा सोन्याची वाटते, त्याच हवेत जास्वंदीची कळी रात्री टपोरी दिसते आणि सकाळी देठासकट कुंडीत पडलेली सापडते. द्राक्षातलं पाणी काढून घेणारी हवा जास्वंदीसाठी वेगळा नियम लावत नाही.

तरीही दोष नुसत्या तापमानाला देता येत नाही. मलेशियानं १९६० साली तांबडी जास्वंद राष्ट्रीय फूल म्हणून निवडली. त्या देशात बारा महिने दुपारी पारा तिशीच्या पुढे असतो आणि जास्वंद तिथे रस्त्याकडेला फुलते. लांब कशाला, कोकणात आणि गोव्यात तिची कुंपणं असतात. रत्नागिरीकडच्या एका मित्राला मी जास्वंद सुकल्याचं सांगितलं, तर तो काळजीनं नव्हे, कुतूहलानं म्हणाला, "सुकवली कशी? आम्हाला ती दरवर्षी कोयत्यानं तोडावी लागते." त्यांच्याकडच्या हवेत ओलावा आहे, आमच्याकडच्या हवेत नाही. जास्वंदीला ऊन हवंच असतं. सावलीत ठेवली तर ती नुसती पानं वाढवते. तिला सोसत नाही तो कोरडा वारा, आणि त्याहून सोसत नाही ते मुळं तापणं. जमिनीतल्या झाडाची मुळं खाली गारव्यात जातात. काळ्या पिशवीतल्या, नाहीतर पातळ प्लॅस्टिकच्या कुंडीतल्या मुळांना जायला जागा नसते. खाली तापलेली फरशी, बाजूला पश्चिमेचं ऊन पिणारं काळं प्लॅस्टिक. हवेत चाळीस अंश असतील तर त्या पिशवीच्या कडेची माती त्याहून पुष्कळ तापते. आपण वर पानांवर पाणी शिंपडून गारवा देत असतो आणि खाली मुळं भाजत असतात.

हे कळलं तेव्हा मे महिन्यातच साताऱ्याला जाणं झालं आणि वहिनींची जास्वंद मी पहिल्यांदा नीट पाहिली. म्हणजे पाहत होतो लहानपणापासून. फुलं तोडायला चढलोही होतो. पण ती उभी कुठे आहे, हे पाहिलं नव्हतं. न्हाणीघराच्या मागे, मोरीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे. पश्चिमेला दगडी भिंत. दुपारी दोन वाजल्यापासून झाड तिच्या सावलीत. बुंध्याभोवती शहाबादी फरशीचे जुने तुकडे, फुटकी कौलं आणि कित्येक वर्षांची पानगळ. फरशी उचलली तर खाली गार, काळी, गांडुळांची माती. घरात सकाळी पाचपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत जे पाणी वापरलं जाई, त्यातलं थोडं थोडं दिवसभर तिच्या बुंध्याशी पोचत होतं. "ती आपली येते" ही त्या घराची समजूत होती. खरं तर घरातली सगळी माणसं रोज तिला पाणी घालत होती, फक्त आंघोळ करता करता.

जुन्या बायकांनी ही जागा मुद्दाम निवडली असणार, हे मला आता पटलेलं आहे. मोरीकडे अळू, केळ, कर्दळ आणि जास्वंद. पुढच्या अंगणात तुळस. ऊन खाणारी शेवंती गच्चीवर. ही वाटणी सहज झालेली नाही. तिथे काय जगतं आणि काय मरतं हे पाहत पाहत ठरलेली आहे. पुढे बहुतेक घरांत मोरीचं पाणी बंद गटारात गेलं, अंगणावर काँक्रीट आलं, दगडी भिंतीच्या जागी शेजाऱ्यांचं पार्किंग आलं, आणि जास्वंद तिसऱ्या मजल्यावर चढली. झाड तेच, सल्लाही तोच. मधली मोरी तेवढी गेली. (आणि आता मोरीचं पाणी असतं तरी घालू नये. शिकेकाई, राख आणि तांदळाचं धुवण यांवर पोसलेल्या झाडाला डिटर्जंटचे क्षार मानवत नाहीत.)

म्हणजे फ्लॅटमधल्या माणसाला जे करायचं आहे ते एवढंच: पूर्वी घर जे न कळत करत होतं, ते हातानं करणं. दगडी भिंतीच्या जागी हिरवं शेडनेट, नाहीतर जुनी सुती साडी. पश्चिमेच्या बाजूनं, दुपारपुरती. सकाळचं ऊन मात्र पुरेपूर. जास्वंदीची कुंडी एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवायची आणि मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवायची. मातीची कुंडी पाझरते, पाणी उडतं आणि आतली मुळं गार राहतात. चार कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या, म्हणजे त्यांच्या पानांतून उडणारी वाफ त्यांनाच थोडी उपयोगी पडते. आणि पानगळीच्या जागी पाचट. उसाच्या या मुलखात आच्छादनासाठी कोकोपीटची वीट विकत आणणं हा तर विनोदच आहे. रस्त्याला लागलं की कुठल्याही तुटलेल्या फडातलं पाचट मूठभर मिळतं. कित्येक शेतकरी ते अजून पेटवून देतात, म्हणून मागणाऱ्याकडे जरा संशयानं बघतात, पण देतात. कुंडीत बोटभर जाडीचा थर दिला की माती उन्हाला दिसतच नाही, आणि पाणी निम्म्यावर येतं.

पाण्याची एक गंमत मात्र सातारा जिल्ह्यानं शिकवली. माण, खटाव, कोरेगाव या भागांत पाणी अडवा, पाणी जिरवा हे शब्द भिंतीवर वाचत आम्ही मोठे झालो; कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ साली पहिल्या वॉटर कप स्पर्धेचं पहिलं बक्षीस मिळवलं, ते डोंगरउतारावरचं पाणी जागच्या जागी जिरवून. तोच डोंगरउतार कुंडीत असतो, हे लक्षात यायला वेळ लागतो. कुंडीतली माती एकदा खडखडीत वाळली की ती आक्रसते आणि कडेला फट पडते. वरून घातलेलं पाणी मातीत शिरतच नाही. फटीतून सरळ खाली जातं आणि बशीत जमतं. बशी भरलेली बघून माणूस समाधानानं आत जातो. वाहून गेलेलं पाणी आणि जिरलेलं पाणी यांतला फरक ज्या जिल्ह्यानं अख्ख्या महाराष्ट्राला श्रमदान करून दाखवला, तिथला माणूस गॅलरीत बशीवर भुलतो! उपाय साधा आहे. वाळलेली कुंडी बादलीभर पाण्यात उचलून ठेवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. नंतर रोज सकाळी, थोडं घालून थांबायचं, जिरलं की पुन्हा थोडं. घाई असलेल्या माणसानं निवडुंग लावावा.

याच सुमाराला तासगावहून बायकोचे मामेभाऊ आले. द्राक्षबागायतदार. चहा व्हायच्या आत ते गॅलरीत उभे होते. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी असते. सगळ्या वेली खालपर्यंत छाटून पुढच्या हंगामाच्या काड्या तयार करायच्या. एप्रिल-मे महिन्यांत तासगावच्या माणसाला न छाटलेलं झाड बघवत नाही. "दाजी, ह्ये काय वाढवून ठिवलंय? खाली आना की दोन डोळ्यांवर!" असं म्हणत त्यांनी खिशातून कात्री काढली. पाहुण्याच्या खिशात छाटणीची कात्री असते हे सांगलीकडे कोणाला विशेष वाटत नाही. त्यांना कसंबसं थांबवलं. द्राक्षवेलीची मुळं जमिनीत खोलवर पसरलेली, ठिबकवर जोपासलेली. ती छाटणी सोसते. कुंडीत उन्हानं टेकीला आलेल्या जास्वंदीची या दिवसांत पानं काढली तर नवे कोंब कोवळे येतात आणि आल्या आल्या भाजतात. तिची छाटणी थंडी सरताना, नाहीतर पाऊस लागल्यावर. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचं वर्णन करत नाही. एक कुंडी असलेल्या माणसानं चार एकर बाग असलेल्या माणसाला छाटणी शिकवायची म्हणजे फारच झालं.

पण त्यांनीच पानाखालचा कापूस दाखवला. देठाच्या बेचक्यात पांढरा, पिठूळ पुंजका, आणि त्यावर मुंग्यांची ये-जा. त्यांचा चेहरा पडला. "आरं, हा तर आमचाच!" पिठ्या ढेकूण. ही ओळख अगदी खरी होती. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांचं मोठं नुकसान करणारा जो गुलाबी पिठ्या ढेकूण, मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस, त्याचं जगभरचं इंग्रजी नावच जास्वंदीवरून पडलेलं आहे. १९९४ मध्ये तो कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर पोचला आणि त्यानं तिथल्या जास्वंदींचा आणि इतर कित्येक झाडांचा फडशा पाडला. तासगावची निर्यातीची द्राक्षं, ग्रेनाडाची कुंपणं आणि विश्रामबागेतली एक कुंडी, तिघांचा शत्रू एक! त्या क्षणी मला बागायतदार असल्यासारखं वाटलं, आणि त्याच तोऱ्यात मी कृषी सेवा केंद्रात गेलो.

सांगलीत अशी दुकानं जागोजागी आहेत आणि तिथला पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"क्षेत्र किती?"

"एक कुंडी."

"म्हणजे किती गुंठं?"

मी हातानं कुंडीचा घेर दाखवला. दुकानात दोन शेतकरी बसले होते. त्यांनी नम्रपणे बाहेर रस्त्याकडे पाहिलं. सगळ्या बाटल्यांवरची मात्रा एकरी आणि दोनशे लिटर पाण्याला. दुकानदार भला माणूस. त्यानं काहीच विकलं नाही. "साहेब, पाण्याचा जोरात फवारा मारा, कापूस धुऊन काढा. राहिलेल्याला निंबोळी तेल, संध्याकाळी, उन्हात नको. आणि मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्याच त्याला फांदीफांदीवर नेऊन सोडतात." ढेकणांच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, तो मुंग्यांना हवा असतो, त्या बदल्यात त्या त्यांची राखण करतात. एक सूचना माझ्याकडून: फार मोठा, फार केसाळ आणि भराभर चालणारा 'पिठ्या ढेकूण' दिसला तर त्याला मारू नका. तो बहुधा क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी असतो. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्याकडे १८९८ साली आणलेला. त्याची अळी अंगावर पांढरी लव घेऊन ढेकणांच्याच कळपात हिंडते आणि त्यांनाच खाते. द्राक्षबागांत तो विकत आणून सोडतात. आपल्या गॅलरीत तो फुकट आला तर दार लावून घेऊ नये.

जूनच्या तोंडावर आणखी एक नखरा झाला. पानं पिवळी, शिरा हिरव्या. खत कमी पडलं असं शेजारच्या काकूंचं मत. दृष्ट लागली असं त्यांच्या सासूबाईंचं. खरं कारण शाळेतल्या प्रयोगात होतं. जास्वंदीच्या पाकळ्या पाण्यात कुस्करून त्यात लिंबू पिळलं की रस गर्द गुलाबी होतो आणि खायचा सोडा टाकला की हिरवट. आम्ल कोणतं, अल्कली कोणतं ते फूल ओळखून दाखवतं. आणि झाड? सांगलीकडची काळी माती चुनखडीची, बोअरचं पाणी जड. अशा अल्कधर्मी मातीत लोह असतं, पण विरघळत नाही, आणि न विरघळलेलं लोह मुळांना घेता येत नाही. जे फूल सोडा ओळखतं, त्याचंच झाड सोड्यापायी पिवळं पडतं. उपाय म्हणजे हिराकस चिमूटभर, तेही पाण्यात विरघळवून, नाहीतर दुकानात मिळणारं चिलेटेड लोह. आणि शक्य तेव्हा बोअरऐवजी पावसाचं धरलेलं पाणी. साताऱ्याच्या बाजूला, मुरमाड नाहीतर तांबड्या मातीत, हा त्रास बराच कमी. वहिनींना पिवळ्या पानांचा फोटो पाठवला तर त्यांनी उत्तर पाठवलं, "काविळीवर आमच्याकडे उपाय नाही." हा टोमणा होता की माहिती, ते कळलं नाही.

राहिली फुलं. उन्हाळ्यात फुलांची अपेक्षा धरली की माणूस दुःखी होतो आणि झाड बेजार. पारा पस्तिशीच्या पुढे गेला की कळ्या गळू लागतात. मोठ्या, दुहेरी पाकळ्यांच्या, केशरी-पिवळ्या संकरित जातींच्या आधी, साध्या पाच पाकळ्यांच्या तांबड्या गावठीच्या शेवटी. नवशिक्याची निवड नेमकी उलटी असते. आणि एवढं करून उमललेलं फूलही एका दिवसाचं. त्यातून संकष्टी. अंगारकी आली की सांगलीच्या गणपती मंदिराबाहेर, साताऱ्यात खिंडीतल्या गणपतीकडे, वाईत ढोल्या गणपतीपुढे तांबड्या जास्वंदीला भाव येतो, आणि फिरायला निघालेल्या सभ्य माणसांच्या हातात पिशव्या दिसू लागतात. देवासाठी तोडलेलं फूल चोरी नव्हे, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. वहिनींनी त्यावर तडजोड काढलेली आहे: बोळाकडे झुकलेल्या फांद्या लोकांच्या, आतल्या घरच्या. मे महिन्यात एका पहाटे त्या नेहमीच्या मंडळींपैकी एकानं कडी वाजवली. हातात आकडी, चेहऱ्यावर नाराजी. "वहिनी, यंदा फुलं फार कमी आहेत हो. जरा खत घाला की झाडाला." वहिनींनी त्यांना चहा दिला. मी असतो तर काय दिलं असतं ते लिहीत नाही.

त्या माणसाचा फारसा राग येत नाही, याला एक कारण आहे. ही तांबडी जास्वंद तशी कोणाचीच नाही. लिनियसनं १७५३ साली तिला चीनचा गुलाब असं लॅटिन नाव देऊन ठेवलं, पण रानात आपोआप उगवलेली जास्वंद खात्रीनं कोणाला दाखवता आलेली नाही. बागेत तिला बी सहसा धरतच नाही. तिची भावंडं बघा: भेंडी, अंबाडी, कापूस, सगळी बियांवर चालणारी, भेंडी तर उन्हाळ्यात कुरकुर न करता येते. जास्वंद मात्र फांदीवर चालते. म्हणजे आज साताऱ्यात, सांगलीत, गुहागरात जी जास्वंद उभी आहे, ती कोणीतरी कोणाकडून तरी मागून आणलेली फांदी. ती ज्याच्याकडून आणली, त्यानंही मागूनच आणलेली. माणसांच्या हातांवाचून हे झाड एका अंगणातून दुसऱ्या अंगणात गेलेलंच नाही. मोरीमागची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून कोयना एक्सप्रेसनं सांगलीला नेणारा मी त्या लांबलचक रांगेतला अगदी अलीकडचा. वाटेत किर्लोस्करवाडी लागते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे वसाहत घातली तेव्हा त्या माळावर निवडुंग होता. आता गाडीतूनही झाडी दिसते. ज्यांनी त्या माळावर पाण्याचे पंप केले, त्यांना झाडं लावण्याआधी पाणी लागतं हे ठाऊक असणारच. समोर बसलेल्या आजींनी फडक्यातलं काय ते विचारलं, आणि जास्वंद म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तिला काय करायचंय? ती आपली येते."

त्यांना काही म्हटलं नाही. पण वाचकांना सांगतो. मार्च ते मे या काळात नर्सरीतून जास्वंद आणू नका, कितीही फुललेली असो. घरी आधीच असेल तर उन्हाळाभर तिला जगवा एवढंच. कळ्या गळल्या तर गळू द्या, खत देऊ नका, कात्री लावू नका, कुंडी पूर्वेला सरकवा, पाचट टाका, पाणी सकाळी घाला. वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की ती स्वतःच हलते. नवी हवी असेल तर मृगाचा पाऊस लागेपर्यंत थांबा आणि मग ज्या घरामागे जुनी तांबडी जास्वंद आहे तिथे जाऊन पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी मागा. खालची पानं काढा, तिरपा काप द्या, सावलीत ओल्या मातीत खोचा. महिना-दीड महिन्यात मुळं धरते. फांदी मागताना ते झाड कुठल्या दिशेला, कुठल्या भिंतीपाशी, कुठल्या पाण्यावर उभं आहे, तेवढं बघून या. आणि फांदी विचारून घ्या. फुलांपुरताच तो कायदा आहे.